माद्रिदहून एकच दिवस हातात आहे: सेगोव्हियाचा रोमन जलसेतू बघायला जावं का?

सावनी_म

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी तीन महिने माद्रिदला आहे. पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत. दहा दिवसांपैकी सात बार्सिलोना आणि दक्षिणेत जाणार, दोन माद्रिदमध्ये, उरला एक. या एका दिवसात टोलेडो की सेगोव्हिया, यावर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध पेटलंय.

बाबा पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते, आता निवृत्त. त्यांनी कुठेतरी सेगोव्हियाच्या जलसेतूचा फोटो बघितला आणि आता त्यांना बाकी काही दिसत नाही. आईचं म्हणणं, "चौतीस वर्षं या माणसाने पाइप दाखवले, परदेशात जाऊनही पाणीच बघायचं का?" तिचे गुडघे दुखतात, आणि दोघं शुद्ध शाकाहारी. (अंडं बाबांना चालतं, आईला केकमध्ये दिसलं नाही तर चालतं.)

खरं सांगायचं तर मी गेल्या वर्षी एका ग्रुप टूरबरोबर तिथे वीस मिनिटं थांबले होते. बस थांबली, सगळे उतरले, फोटो काढले, बसमध्ये चढले. मला ती एक मोठ्ठी भिंत वाटली. पूर्ण दिवस द्यावा असं काय आहे तिथे? प्रामाणिक मतं हवीत.

रिकामटेकडा

टोलेडो. विषय संपला.

चिवडा

आईंचं वाक्य फ्रेम करून लावा.

उनाडमैना

सावनी, अकरा वर्षं स्पेनमध्ये आहे, पाहुणे आले की मीच गाइड. आतापर्यंत सेगोव्हियाला किती वेळा गेले ते मोजणं सोडून दिलंय. वीस मिनिटांत भिंतच दिसणार, तुझी चूक नाही. टूरवाले सगळ्यांना आथोगेखो चौकात सोडतात. तिथे जलसेतू सर्वांत उंच आहे, अठ्ठावीस मीटरच्या आसपास, दुमजली कमानी. मान वर करायची, "बापरे" म्हणायचं, निघायचं.

गंमत अशी की चौकात तो सर्वांत उंच आहे कारण तिथे जमीन सर्वांत खोल आहे. वरची रेघ जवळजवळ सपाट, खालचं गाव वरखाली. चौकातून पूर्वेकडे चढावर चालत जा. एकेका कमानीबरोबर खांब आखूड होत जातात. दिआस सान्स चौकापाशी जलसेतू कोनात वळतो, दुमजलीचा एकमजली होतो. मग कमान तुझ्या डोक्याइतकी, मग कमरेइतकी, आणि शेवटी रस्त्याकडेच्या कठड्यासारखी भिंत. तिच्या टोकाला दगडी खोली, तिथे पाण्यातली वाळू खाली बसायची. तिथे उभं राहून मागे वळून बघ. ती "भिंत" नाही, नळ आहे हे तेव्हा कळतं. माझ्या सासऱ्यांनी हे बघून पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, त्याआधी दोन दिवस ते फक्त "ठीक आहे" म्हणत होते.

पाणक्या

उनाडमैना यांना +१००. आयडीवरून कळलंच असेल, हा माझा विषय आहे. सावनीताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

लोकांना कमानी दिसतात, पण रोमन जलवाहिनीत कमानी हा नाइलाज असायचा. होता होईल तो पाणी जमिनीखालच्या झाकलेल्या पाटातून न्यायचं, डोंगराच्या कडेकडेने, उतार सांभाळत. मध्ये दरी आडवी आली आणि वळसा परवडत नसला, की पूल. सेगोव्हियाचं पाणी ग्वादारामा डोंगरातून, पंधरा-सतरा किलोमीटरवरून यायचं. त्यातला हा पुलाचा भाग एक किलोमीटरसुद्धा नाही. पण आपण फोटो त्याचेच काढतो.

आणि पंप नाही. सगळं उतारावर. शेवटच्या गाळटाकीपासून पुढे सातशे-आठशे मीटर साधारण शंभराला एक असा उतार दिलाय. जास्त दिला तर पाणी पाट खरवडत जाईल, कमी दिला तर गाळ साठेल. फ्रान्समध्ये नीमला पाणी नेणारी वाहिनी तर पन्नास किलोमीटरमध्ये जेमतेम साडेबारा मीटर उतरते. पों द्यु गार हा प्रसिद्ध पूल तिच्यावरचाच. लेव्हल मशीन नसताना. मी डम्पी लेव्हल लावून तीन किलोमीटरची लाइन टाकली होती, तिच्यात एक उलटा उतार निघाला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं. त्यामुळे या लोकांपुढे दंडवत.

बोरीबंदर

पाणक्यासाहेब, तो उलटा उतार आमच्या सोसायटीत आलाय का? तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही.

पाणक्या

तुमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी नळाला थेट मोटर लावली असणार. हा रोगही जुनाच. रोममध्ये इ.स. ९७ साली फ्रंटायनस नावाचा माणूस पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्याने खात्याचा कारभार लिहून ठेवलाय. त्यात सरळ तक्रार आहे की पाणी चोरीला जातं, रस्त्याखालून लोकांनी गुपचूप नळ जोडलेत, आणि आमचेच कर्मचारी पैसे घेऊन मोठ्या तोंडाच्या तोट्या बसवून देतात. म्हणून तोटीवर सरकारी शिक्का सक्तीचा होता. नोकरीत असताना मी हे वाचलं असतं तर निदान एकटं वाटलं नसतं.

चिवडा

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही "साहेब, जरा बघा ना" होतंच.

अनुस्वार

आत्मा थंड झाला. फक्त नम्र सूचना: चौकाचं नाव काहीजण "अझोगेजो" लिहितात, ते तसं नाही. उनाडमैना यांनी बरोबर लिहिलंय. मूळ शब्द अरबी "सूक", म्हणजे बाजार. त्याचं स्पॅनिशमध्ये "आथोगे" झालं, आणि "आथोगेखो" म्हणजे लहानसा बाजार. आपल्याकडे कसं "गुजरी" म्हणतात.

रिकामटेकडा

सगळं ठीक. पण टोलेडोत कॅथेड्रल आहे, सिनेगॉग आहेत, मशीद आहे, एल ग्रेकोची चित्रं आहेत, नदीने तीन बाजूंनी वेढलेलं गाव आहे. सेगोव्हियात एक नळ. मग ती आजी बरोबरच म्हणते.

सावनी_म

आजी नाही हो, माझी आई आहे! ६३ वर्षांची आहे, हे तिला दाखवलं तर तुमचं काही खरं नाही.

रिकामटेकडा

साष्टांग माफी.

उनाडमैना

टोलेडो सुंदरच आहे, पण गुडघ्यांचा विचार करा. टोलेडोत गल्ल्या चढाच्या आणि गोटे घातलेल्या. सेगोव्हियातही चढ आहे, पण टाळता येतो. चौकातून जलसेतूच्या कडेने एक लांब जिना वर जातो, तिथून जलसेतू जवळजवळ आपल्या डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. तो जिना आईंनी चढू नये. जुन्या गावाच्या मुख्य रस्त्याने हळूहळू वर जाता येतं.

आणि माझी युक्ती अशी: चौकातून टॅक्सी करा, थेट वरच्या टोकाला, गाळाच्या खोलीपाशी उतरा. मग जलसेतूच्या बाजूने उताराने खाली चौकात या. पाणी जसं यायचं तसं. कमान वाढत वाढत जाते, हा क्रम जास्त छान लागतो.

गोदाकाठ

गुडघेदुखीला उतरणं चढण्यापेक्षा वाईट, हे कोणी सांगत का नाही? माझा अनुभव आहे. काठी न्या.

उनाडमैना

गोदाकाठ, मुद्दा बरोबर. पण तिथला उतार सौम्य आहे, पायऱ्या नाहीत, बसायला बाकं आहेत. लक्ष्मी रोडवर खरेदीला चालतो त्याहून कमी अंतर.

पेठकर

लक्ष्मी रोडचं नाव निघालंच आहे म्हणून. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी सुमारे १७५० मध्ये कात्रजला तलाव बांधून तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. जमिनीखालून, दगडी बांधकामाचा नळ, मध्ये मध्ये हवा खेळायला आणि साफसफाईला उच्छ्वास. गावात ठिकठिकाणी हौद. पंप इथेही नव्हता. काही हौदांत अगदी आताआतापर्यंत पाणी येत होतं. आमच्या आजोबांच्या वाड्यातल्या हौदाचं पाणी उन्हाळ्यातही गार असायचं. पण त्याला तिकीट नाही, फोटो नाही, विटेने बुजवलेले उच्छ्वास मात्र आहेत.

चिवडा

आलं. पुणे आलं. मी घड्याळ लावून बसलो होतो.

नहरवाला

पेठकर, कात्रजच्या आधी शंभरहून जास्त वर्षं मलिक अंबरने आमच्याकडे नहर आणली होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा गावाचं नाव खडकी होतं, नंतर औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. पाणचक्कीला पाणी दूरच्या टेकड्यांतून खापराच्या नळातून येतं, भिंतीवरून हौदात पडतं, आणि त्यावर जातं फिरायचं. तुमच्या सेगोव्हियाच्या बरोबर उलट तंत्र. तिथे पूल बांधून पाणी पातळीवर ठेवलं, इथे नळात बंद करून खाली नेलं आणि दाबाने वर चढवलं.

लहानपणी आम्हाला शाळेच्या सहलीला पाणचक्कीच दाखवायचे. दरवर्षी. चौथीपर्यंत मला वाटायचं सहल म्हणजे पाणचक्की.

बोरीबंदर

अवांतर: मग रोमन लोकांना हे नळातलं तंत्र येत नव्हतं का? एवढे दगड कशाला रचले?

पाणक्या

अवांतर नाही, हाच खरा प्रश्न. येत होतं. फ्रान्समध्ये लिआँ शहराला पाणी नेणाऱ्या झिए जलवाहिनीवर त्यांनी दऱ्या ओलांडायला असे उलटे सायफन केले होते. शिशाचे नळ दरीच्या एका काठाने खाली, दुसऱ्या काठाने वर. पण दाब सहन करायला शिसं ढिगाने लागायचं, ते महाग, आणि तळाशी सांधा फुटला की आली पंचाईत. सेगोव्हियाला दरी फार खोल नाही आणि ग्रॅनाइट दाराशी. मग पूल स्वस्त पडतो. खोल दरीत हिशेब फिरतो.

नहरवाल्यांनी सांगितलेलं खापराच्या नळांचं तंत्र मला जास्त आवडतं, कारण ते गरिबाचं तंत्र आहे.

माईसाहेब

शिशाचे नळ म्हणजे विषच की. रोमन साम्राज्य म्हणूनच बुडालं असं ऐकलंय.

पाणक्या

ते जरा जास्तच ताणलेलं आहे. पाणी सतत वाहतं असायचं, आणि कठीण पाण्याचा चुना नळाला आतून बसायचा. पण शिसं वाईट हे त्यांनाही कळलं होतं. व्हिट्रुव्हियस या वास्तुतज्ज्ञाने मातीचे नळ बरे, शिसं काम करणाऱ्यांची तब्येत बघा, असं लिहून ठेवलंय. सेगोव्हियाचा पाट तर दगडाचाच.

इस्तंबूलची_मांजर

उशिरा आले. इस्तंबूलमध्ये राहते, आणि माझी बस रोज जलसेतूच्या खालून जाते. शब्दशः. सम्राट व्हॅलेन्सच्या नावाने ओळखला जातो, चौथ्या शतकातला, इथे म्हणतात "बोझदोआन केमेरी". अतातुर्क बुलेव्हार्ड हा सहापदरी रस्ता त्याच्या कमानींतून आरपार जातो. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वेळी मान वर करायचे. आता कमान आली की फक्त एवढंच मनात येतं, की उतरायचा स्टॉप दोन मिनिटांवर आहे, पिशवी सावरा.

हा पूल ज्या जलवाहिनीचा भाग आहे ती पाचव्या शतकात वाढवत वाढवत एकूण चारशे किलोमीटरच्या वर गेली होती. पुढे ऑटोमन सुलतानांनी डागडुजी करून वापरली. शेजारीच अग्निशमन दलाचं मुख्यालय आहे, हा योगायोग मला फार आवडतो. मागे "कादनलार पाझारी" म्हणजे बायकांचा बाजार, तिथे पूर्वेकडच्या सिर्तचे लोक मध, चीज विकतात. रविवारी मी तिथे चहा घेत बसते आणि जलसेतूच्या सावलीत लोक चक्क भाज्या निवडत असतात. सेगोव्हियात तसं जगणं चालू आहे का, की नुसतं संग्रहालय?

उनाडमैना

मांजर, सेगोव्हियातही पूर्वी खालून गाड्या जायच्या. धूर आणि हादऱ्यांनी दगड खराब व्हायला लागले म्हणून १९९२ साली वाहतूक बंद केली. आता चौक पायी चालणाऱ्यांचा. पण संग्रहालय नाही. वरच्या भागात लोकांची घरं जलसेतूला खेटून आहेत, खिडक्यांतून कपडे वाळत असतात. मुलं शाळेतून येताना कमानीखालून फुटबॉल लाथाडत येतात. उन्हाळ्यात पाकोळ्या कमानींमधून सपासप फिरतात.

चिवडा

पाकोळ्यांना तिकीट नाही का?

उनाडमैना

कोणालाच तिकीट नाही. उघड्यावर आहे, रात्री दोनलाही बघा. म्हणून तर फुकट्या पाहुण्यांना मी तिथेच नेते.

गोदाकाठ

चुना-सिमेंट काहीच नाही म्हणतात, खरं?

पाणक्या

खरं. सुमारे २०,४०० दगड, एकमेकांच्या वजनावर उभे. कमान म्हणजे एकमेकांवर पडायला टपलेले दगड. सगळेच पडू बघतात म्हणून कोणीच पडत नाही. सरकारी कमिटीसारखं. बांधताना खाली लाकडी साचा धरायचा, मधला दगड बसला की साचा काढायचा.

दगडांवर लहान लहान खड्डे दिसतील. ते उचलण्याच्या लोखंडी चिमट्यांचे, दोन्ही बाजूंनी चिमटा रुतवून दगड वर ओढायचे. बाबांना दाखवा, त्यांना आवडेल.

उनाडमैना

गावकरी म्हणतात ते खड्डे म्हणजे सैतानाच्या बोटांचे ठसे! गोष्ट अशी. एक पाणकी मुलगी, रोज डोंगराच्या पायथ्यापासून वर घागरी वाहून थकलेली. म्हणाली, कोंबडा आरवायच्या आत माझ्या दाराशी पाणी आणून देशील तर आत्मा तुझा. सैतान रात्रभर दगड रचत बसला. पोरीला पश्चात्ताप झाला, प्रार्थना करत बसली. शेवटचा एक दगड ठेवायचा राहिला आणि कोंबडा आरवला. त्या दगडाच्या जागी आता मेरीची मूर्ती आहे, असं सांगतात.

माईसाहेब

अगं बाई! हे तर आपलंच. अंबरनाथचं मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून छप्पर राहिलं, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. जगातल्या सगळ्या कोंबड्यांनी बांधकाम खात्याचं नुकसान केलंय.

अनुस्वार

माईसाहेब, हसून पोट दुखलं. "पाणकी" शब्द वाचून बरं वाटलं. हल्ली कोणी वापरत नाही.

पाणक्या

मी वापरतो. आयडी बघा.

चिवडा

सैतानाचा पुतळा पण बसवलाय ना तिथे? सेल्फी काढणारा?

उनाडमैना

हो, २०१९ साली, जलसेतू दिसेल अशा जागी. हसरा, गुबगुबीत सैतान, हातात मोबाइल, सेल्फी घेतोय. त्यावरून गावात मोठा वाद झाला. सैतान एवढा प्रेमळ दाखवणं श्रद्धावंतांना खपेना, हजारो सह्यांची मोहीम झाली, कोर्टात गेले. कोर्टाने काही दिवस काम थांबवलं, मग परवानगी दिली. आता लोक सेल्फी काढणाऱ्या सैतानाबरोबर सेल्फी काढतात.

नहरवाला

वाद, सह्या, कोर्ट. वाचूनच घरी गेल्यासारखं वाटलं.

रिकामटेकडा

बांधला कोणी ते नक्की का सांगत नाही कोणी? मला दोन पुस्तकांत दोन सम्राट सापडले.

अनुस्वार

कारण पाटी चोरीला गेली. दुमजली भागावर कांस्याची अक्षरं ठोकलेली होती. अक्षरं गेली, खिळ्यांची भोकं उरली. गेझा आल्फोल्दी या अभ्यासकाने नुसत्या भोकांच्या मांडणीवरून मजकूर जुळवला आणि इ.स. ९८ हे साल काढलं. नंतर पायाजवळच्या उत्खननात त्राजान सम्राटाचं नाणं मिळालं, त्यावरून काम ११२ नंतरचं असावं असं मत पुढे आलं. म्हणजे पहिल्या शतकाचा शेवट ते दुसऱ्याची सुरुवात. भोकांवरून वाक्य वाचणं म्हणजे डॉक्टरांचं अक्षर वाचण्याच्या वरताण.

बोरीबंदर

आणि सगळं मूळचंच आहे का?

अनुस्वार

नाही. १०७२ साली टोलेडोच्या अमिराच्या स्वारीत ३६ कमानी पाडल्या गेल्या असं सांगतात. पंधराव्या शतकात इसाबेल राणी आणि फर्डिनांडच्या काळात त्या पुन्हा उभारल्या. म्हणजे टोलेडो विरुद्ध सेगोव्हिया हे भांडण रिकामटेकडा यांच्याही आधीचं आहे.

रिकामटेकडा

मी पाडल्या नाहीत हो. इतिहासाचा भार माझ्यावर नको.

गोदाकाठ

शाकाहाराचं कोणी बोललंच नाही. गावाची ख्याती डुकराच्या पिलाची ना?

उनाडमैना

हो. "कोचिनीयो". एवढं मऊ असतं म्हणे की सुरीऐवजी ताटलीच्या कडेने कापतात, आणि मग ती ताटली जमिनीवर आपटून फोडतात. आईंना खिडकीकडे पाठ करून बसवा. फसवे पदार्थ सांगते. "हुदियोनेस" म्हणजे जाड पांढरा राजमा, ऐकायला आपला, पण आत डुकराचं मांस. कास्तीयन सूपमध्येही हॅम असतं.

माझ्या मावशीने "सोपा, सोपा" ऐकून खूश होऊन सूप मागवलं होतं. स्पॅनिशमध्ये सूपला सोपा म्हणतात. ते अजिबात सोपं निघालं नाही.

बटाट्याचं ऑम्लेट बाबांसाठी मिळेल. आईंसाठी सॅलड, ब्रेड, चीज, भाजलेल्या सिमला मिरच्या. गोडात "पोंचे सेगोव्हियानो" घ्या, वर बदामाचं मार्झिपान आणि जाळीची नक्षी. अंडं आहे, पण दिसत नाही. आईंच्या नियमात बसतं.

माईसाहेब

मी तर पिठलं-भाकरीचं पीठ नेते. थेपले पण. कोणाच्या बापाची भीती नाही.

सावनी_म

सगळ्यांचे खूप आभार! आईला ताटलीचा किस्सा सांगितला नाही. जायचं ठरतंय. ट्रेन की बस?

उनाडमैना

माद्रिद चामार्तीनहून वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचते. पण स्टेशन, सेगोव्हिया-गिओमार, गावाबाहेर माळावर आहे. बाहेर ११ नंबरची बस उभी असते, ती जलसेतूपाशी सोडते. मोनक्लोआहून बस स्वस्त, सव्वा तासाच्या आसपास, ती गावातच सोडते. बाबांसाठी ट्रेन घे: वाटेत ग्वादारामाचा बोगदा आहे, अठ्ठावीस किलोमीटरचा. ज्या डोंगरातून पाणी यायचं त्याच्याच पोटातून तुम्ही जाणार.

गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. संध्याकाळी गार वारा सुटतो, शाली न्या.

चिवडा

आणि परत आल्यावर इथे लिहा. इथले लोक सल्ला घेतात आणि गायब होतात.

सावनी_म

(पाच आठवड्यांनी)

आले, चिवडा. गायब नाही झाले.

ट्रेननेच गेलो. बोगदा लागल्यावर बाबा घड्याळ लावून बसले आणि अंधारात मोठ्याने मिनिटं मोजत होते, समोरची बाई घाबरली. चौकात उतरल्यावर मी त्यांना वर बघू दिलं नाही, सरळ टॅक्सीत कोंबलं. आई म्हणाली, "आलो कशाला मग?" टॅक्सीवाल्यालाही कळेना की हे लोक उलटे कुठे चाललेत.

टोकाला ती दगडी खोली बंद होती. बाहेरूनच बघितली. बाबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, देवळाला मारतात तशा. मग कमरेइतकी भिंत, मग कमान, मग मोठी कमान. आम्ही हळूहळू उतरत होतो. गोदाकाठ, काठी नेली होती, उपयोगी पडली. दिआस सान्स चौकात वळणापाशी आई बाकावर बसली आणि एकदम म्हणाली, "म्हणजे आपण सगळा वेळ पाण्याच्या पातळीवरूनच खाली आलो की काय." बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की मला फोटो काढायला हवा होता. काढला नाही.

चिमट्यांचे खड्डे बाबांनी बोट घालून तपासले. सैतानाची गोष्ट त्यांना पटली नाही, कोंबड्याला पहिल्या पाळीत काम कोणी दिलं विचारत होते. पोंचे आईने दोन तुकडे खाल्ला, काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पाणक्याकाका, तुमचा शंभराला एकचा उतार मी त्यांना वाचून दाखवला होता. त्यांनी पिशवीतून अर्धी भरलेली पाण्याची बाटली काढली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन डोळ्यासमोर आडवी धरली, बाटलीतलं पाणी आणि जलसेतूची वरची रेघ ताडून बघत दहा मिनिटं उभे. येणारेजाणारे लोकही थांबून तिकडेच बघायला लागले. आईने बघितलं, तिला काही दिसलं नाही. मी बघितलं, मलाही नाही. बाबा म्हणाले, "आहे उतार. गावाकडे आहे."

टोलेडो राहिलं.

रिकामटेकडा

पुढच्या वेळी.

पाणक्या

बाटलीने शंभराला एक दिसत नसतो. पण त्यांना दिसला असेल. माझा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, त्यांना द्या.